अनोळखी मानवी अवशेष आणि गावातले हौशी शोधक (गोवा)

अनोळखी मानवी अवशेष : डोंगरात, बागायतीत, खाजनाच्या (खाऱ्या पाण्याकाठच्या शेतजमिनीच्या) बांधाला किंवा पडक्या घरात सापडलेला आणि ओळख न पटलेला मृतदेह, सांगाडा किंवा सुटी हाडे. पोलिसांच्या कागदात याची नोंद ‘अनैसर्गिक मृत्यू’ म्हणून होते आणि वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी येते. गावात मात्र हा विषय तिठ्यावरच्या हॉटेलात पातळभाजी-पावाबरोबर सुरू होतो आणि महिनाभर पुरतो. सकाळी पाव घेऊन फिरणारा पोदेर तो वाड्यावाड्यावर पोचवतो. निवृत्त शिक्षक, पंच, रहस्यकथांचा जुना वाचक, कोणाचा तरी पोलिसात असलेला भाचा असे सगळे त्यात तपासनीस होतात. या हौशी शोधाला गावात वेगळे नाव नाही. ‘चर्चा’ एवढेच म्हणतात.

या चर्चेत एक दोष जवळजवळ नेहमी दिसतो. मेला कोण, हे कळण्याआधीच मारला कोणी, यावर वाद सुरू होतो. तपासाचा क्रम याच्या उलट असतो. माणूस कोण हे ठरल्याशिवाय त्याचे कोणाशी वाकडे होते, शेवटचा कोणाबरोबर दिसला, हे प्रश्न विचारताच येत नाहीत.

सापडतात कोणाला

गोव्याचे क्षेत्रफळ अवघे ३,७०२ चौ. किमी. असले तरी सत्तरी, सांगे, धारबांदोडा, काणकोण या तालुक्यांत महिनोन्‌महिने माणूस फिरकत नाही अशा जागा पुष्कळ आहेत. तिथे माणूस जातो तो हंगामाने. मार्च ते मे काजूचे बोंडू गोळा करणारे डोंगर पिंजून काढतात, पाऊस लागला की अळमी (रानटी अळंबी) शोधणारे वारुळांच्या आसपास फिरतात, आणि पावसाळा सरल्यावर रस्त्याकडेचे रान कापले जाते. उन्हाळ्यातल्या वणव्यानंतर झाडोरा जळून जमीन उघडी पडते, तेव्हाही काहीबाही दिसू लागते. त्यामुळे काजूच्या हंगामात सापडलेली हाडे काजूच्या हंगामात मेलेल्या माणसाची असतील असे नाही. गावच्या चर्चेत ही चूक हमखास होते आणि मग ‘गेल्या महिन्यात कोण नाहीसा झाला’ एवढ्यावरच शोध थांबतो.

शिकारीला गेलेल्यांनाही असे काही दिसत असणार. विनापरवाना बंदूक घेऊन रानात शिरलेला माणूस पोलीस ठाण्यात जाऊन ‘मला कवटी दिसली’ असे सांगण्याची शक्यता मात्र कमी.

हाड मुळात माणसाचे आहे का

हा पहिला प्रश्न, आणि गावात तो कोणी विचारत नाही. डुकराच्या व वासराच्या बरगड्या, वानराचा सांगाडा यांनी भलेभले फसतात. अस्वलाच्या पंजाची कातडी व नखे गेली की उरलेली हाडे माणसाच्या हातापायासारखी दिसतात. म्हादईच्या रानात अस्वले असल्याने गोव्यात ही शंका पुस्तकी नाही.

हाड माणसाचेच ठरले तरी ते किती जुने, हा प्रश्न उरतो. गोव्यातल्या ख्रिस्ती दफनभूमींत जागा अपुरी असल्याने काही वर्षांनी कबर उघडून अस्थी काढतात आणि त्या भिंतीतल्या कोनाड्यात किंवा सामाईक खड्ड्यात ठेवतात. हिंदूंमध्येही लहान मुलांना, संन्याशांना आणि काही समाजांत सर्वांनाच पुरतात. पाया खणताना निघालेली कवटी अशा विसरलेल्या जागेची असू शकते. १९५०-६० च्या दशकांतील अणुचाचण्यांनी हवेतील कार्बन-१४ चे प्रमाण वाढवले होते, त्यामुळे त्यानंतर जगलेल्या माणसाचे हाड प्रयोगशाळेत वेगळे ओळखता येते. ही तपासणी खर्चिक असून नेहमीच्या कामात क्वचितच होते. पोलीस आधी जुना नकाशा आणि वाड्यावरची म्हातारी माणसे यांनाच विचारतात, आणि पुष्कळदा तेवढे पुरते.

हवा, पाणी, माती

जर्मन न्यायवैद्यक योहान लुडविग कास्पर याने एकोणिसाव्या शतकात एक ठोकताळा मांडला : उघड्या हवेत एका आठवड्यात शरीराची जी अवस्था होते, तिला पाण्यात दोन आठवडे आणि जमिनीत पुरल्यास आठ आठवडे लागतात. हे गणित थंड देशातले. गोव्याची उष्णता, वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस, माश्या आणि अळ्या यांत उघड्यावरचा देह काही आठवड्यांतच सांगाड्यापर्यंत पोचू शकतो. म्हणून ‘हाडे झाली म्हणजे दोन-तीन वर्षे तरी झाली असणार’ हे हॉटेलातले विधान निराधार ठरते.

पुढे कुत्री, कोल्हे आणि रानडुकरे अवशेष ओढून पांगवतात, आणि साळिंदर हाडे कुरतडते. त्याच्या दातांच्या खुणा पाहून ‘कोयत्याचे घाव’ अशी अफवा उठू शकते. उतारावरची कवटी पहिल्या मोठ्या पावसात गडगडत ओहोळात येते. मांडवी-जुवारीच्या पात्रात तर भरती-ओहोटी देहाला वर-खाली नेते. मृत्यूची जागा आणि सापडण्याची जागा एकच, हे गृहीतक म्हणून धोक्याचे असते. शिवाय जांभ्याची माती आम्लधर्मी असल्याने पुरलेली हाडे त्यात हळूहळू झिजतात.

पंचनामा ते प्रयोगशाळा

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ नुसार (१ जुलै २०२४ पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १७४) पोलीस अधिकाऱ्याने कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवायचे, जागेवर जायचे आणि शेजारपाजारच्या किमान दोन प्रतिष्ठित रहिवाशांसमोर मरणोत्तर पंचनामा करायचा असतो. गावकऱ्याला तपासात अधिकृत स्थान मिळते ते एवढेच. पंचाने जे दिसले तेवढ्यावरच सही करायची असते, तर्कावर नाही. शवचिकित्सेसाठी अवशेष बहुधा बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात जातात.

तिथे हाडे काय सांगतात? कटीचे हाड स्त्री-पुरुष भेद सर्वांत खात्रीने सांगते, त्यानंतर कवटी. तरुणाचे वय हाडांची टोके जुळण्यावरून कळते. गळ्याच्या हाडाचे छातीकडचे टोक विशीत, सर्वांत शेवटी जुळते. मांडीच्या हाडाची लांबी उंचीच्या साधारण चौथ्या हिश्शाहून थोडी अधिक असते. पण ही सारी माहिती शेवटी ‘पुरुष, तीस ते चाळीस, साडेपाच फूट’ अशी निघते आणि त्यात अर्धा गाव बसतो. कवटीवर छायाचित्र जुळवून पाहण्याची पद्धत १९३५ च्या ब्रिटनमधील रक्स्टन खून-प्रकरणापासून प्रसिद्ध आहे. ती जुळत नाही हे ठामपणे सांगते. जुळते हे मात्र तितक्या ठामपणे सांगता येत नाही. डीएनएसाठी दात व मांडीचे हाड उपयोगी पडते, पण त्यालाही तुलनेला आई, वडील, मूल यांचा नमुना लागतो. तुलना करायला समोर कोणी नसेल तर हाड मुके राहते.

म्हणून ओळख पटवताना बारीकसारीक वस्तूंना मोठे मोल येते. शर्टाच्या कॉलरमागची शिंप्याची पट्टी, गोंदवलेले नाव (कातडी शिल्लक असेल तर), मंगळसूत्राची घडण, जोडवी, कमरेचा करगोटा, खिशातल्या चाव्या, कवळी, मोडलेल्या हाडात बसवलेली पोलादी पट्टी आणि तिच्यावरचा क्रमांक. शिंप्याच्या पट्टीवर कन्नड अक्षरे असली तर तपास घाट ओलांडतो. हौशी शोधकाला खरा वाव इथे आहे. कोणत्या दर्जीकडे गावचे लोक कपडे शिवतात, कोणत्या कंत्राटदाराची माणसे कोणत्या पावसाआधी गेली आणि त्यांतला एक सामान न घेताच गेला, हे पोलिसापेक्षा दुकानदाराला अधिक माहीत असते.

चर्चेची वळणे

संशय सर्वांत आधी बाहेरच्यावर जातो. हाडे ‘कोणा घाट्याची’ (घाटापलीकडून आलेल्याची), किंवा मारणारा तरी ‘भायलो’, असे ठरवले की गाव मोकळे होते. यात अर्धसत्य आहे. परप्रांतातून आलेल्या मजुराची बेपत्ता नोंद गोव्यात सहसा होत नाही. घरच्यांना वाटते तो कामावर आहे, आणि कंत्राटदाराला वाटते तो घरी गेला. त्यामुळे तो मेल्यावर अनोळखी राहण्याची शक्यता खरोखरच जास्त. पण ‘घाटी’ म्हणून सोडून देणे म्हणजे शोध संपवणे.

दुसरे वळण याच्या उलट. गावचाच कोणी बोटीवर किंवा आखातात गेलेला, काही काळ फोन न केलेला माणूस आठवतो आणि ‘तोच तो’ म्हणून त्याच्या घरी बायका रडायला येतात. तो परत येईपर्यंत घरच्यांनी काय सोसायचे याचा विचार चर्चेत नसतो.

आणि मग ‘पळून गेली’. गोव्यातल्या सर्वांत भयंकर प्रकरणात या दोन शब्दांनी मोठे नुकसान केले. शिरोड्याचा महानंद नाईक २००९ मध्ये पकडला गेला, तेव्हा १९९४ पासूनच्या सोळा स्त्रियांच्या खुनांचा आरोप त्याच्यावर ठेवण्यात आला. लग्नाचे आमिष दाखवायचे, दागिने घालून यायला सांगायचे, निर्जन जागी नेऊन ओढणीने गळा आवळायचा, अशी रीत सांगितली गेली. काही प्रकरणांत त्याला जन्मठेप झाली, तर बऱ्याच प्रकरणांत पुराव्याअभावी तो सुटला. कुठे अनोळखी मृतदेहाची नोंद होती, कुठे बेपत्ता मुलीची तक्रार होती, तर कुठे तक्रारही नव्हती, कारण मुलगी लग्न करून गेली असेच घरच्यांना वाटले. हे कागद पंधरा वर्षे एकमेकांशी जोडले गेले नाहीत. राज्य इतके लहान की एका टोकाहून दुसऱ्या टोकाला दोन-तीन तासांत पोचता येते, हे लक्षात घेतले की ही गोष्ट अधिकच बोचते.

केतेवान राणीचा हात

गोव्यात ओळख पटलेल्या हाडांचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण चारशे वर्षांपूर्वीचे आहे. जॉर्जियाची राणी केतेवान हिला १६२४ मध्ये शिराझ येथे शाह अब्बासच्या आज्ञेने छळ करून मारण्यात आले. ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिच्या अस्थींचा काही भाग गोव्यात आणून ओल्ड गोव्यातील आपल्या मठात ठेवला. मठ पडला, बुरुजाचा एक भाग तेवढा उभा राहिला. अस्थी कुठल्या खिडकीजवळ ठेवल्या हे पोर्तुगीज कागदांत लिहिलेले होते. त्या आधारावर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या उत्खननात २००४ च्या सुमारास हाताचे हाड मिळाले. हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्राने त्यातील मातृवंशीय डीएनए तपासला, तेव्हा तो हजारो भारतीय नमुन्यांत न आढळणाऱ्या आणि जॉर्जियात आढळणाऱ्या गटातला निघाला. जवळच सापडलेली दुसरी दोन हाडे मात्र भारतात नेहमी दिसणाऱ्या गटांतली होती. २०२१ मध्ये भारताने अस्थीचा भाग जॉर्जियाला दिला. राणी ओळखली गेली याचे कारण डीएनएइतकेच ते जुने कागदही आहेत. उरलेल्या दोन हाडांबद्दल कोणी काही लिहून ठेवलेले नव्हते, ती अनोळखीच राहिली.

इतरत्र

हौशी माणसाने ओळख पटवल्याची उदाहरणे परदेशात आहेत. अमेरिकेतील केंटकी राज्यात १९६८ मध्ये ताडपत्रीत गुंडाळलेला एका तरुणीचा देह सापडला. टॉड मॅथ्यूज हा कारखान्यातला कामगार, ज्याला देह सापडला त्याचा जावई. त्याने कित्येक वर्षे बेपत्ता व्यक्तींची वर्णने चाळली आणि १९९८ मध्ये एका बहिणीने दिलेल्या माहितीशी वर्णन जुळवले. पुढे डीएनएने त्यावर शिक्कामोर्तब केले. ऑस्ट्रेलियात १९४८ मध्ये समुद्रकाठी सापडलेल्या ‘सॉमर्टन मॅन’चे नाव डेरेक ॲबट या प्राध्यापकाने २०२२ मध्ये केसाच्या डीएनएवरून व वंशावळींवरून जाहीर केले. भारतात अशी वंशावळ-डीएनएची खुली भांडारे नाहीत. डीएनए नियमनाचे २०१९ चे विधेयकही २०२३ मध्ये सरकारने मागे घेतले. आपल्याकडच्या हौशी शोधकाच्या हाती उरते ते मॅथ्यूजच्या पहिल्या टप्प्याचे काम : याद्या वाचणे.

मर्यादा

अवशेष दिसले तर हात न लावता ११२ वर कळवायचे. कवटी उचलून पंचायतीत आणणारा उत्साही तरुण जागेचा पुरावा घालवतो. जाणूनबुजून पुरावा नाहीसा करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ खाली गुन्हा आहे, कलम ३५६ बदनामीचे, आणि लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करण्यावर कलम ७२ ची बंदी आहे. ती मेलेली असली तरी.

घरच्यांची बाजू

माणूस बेपत्ता असून त्याचे काहीच कळत नसेल तर कायदा सात वर्षांनी तो मृत मानण्यास मुभा देतो. गोव्यात हा प्रश्न अधिक टोचतो. इथल्या नागरी कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जात असल्याने, एकाच्या संमतीशिवाय दुसऱ्याला घर-जमीन विकता येत नाही. मृत्यूचा दाखला नाही म्हणून वारसांची इन्व्हेंटरीही (वारसा-वाटपाची न्यायालयीन प्रक्रिया) अडून राहते.

धर्मशास्त्राने बारा वर्षे वाट पाहायला सांगितली आहे. त्यानंतर पळसाच्या ३६० पानांचा पुतळा करून, डोक्याच्या जागी नारळ ठेवून त्याला अग्नी देतात. याला पालाशविधी म्हणतात. ख्रिस्ती घरांत २ नोव्हेंबरला, मृतात्म्यांच्या दिवशी, मिस्स (चर्चमधील प्रार्थनाविधी) सांगितली जाते, कबर असो वा नसो. पालाशविधी झाल्यावर तो माणूस जिवंत परत आला तर काय, याचीही तरतूद ग्रंथांत आहे. त्याला तुपाच्या कुंभात बुडवून बाहेर काढायचे, न्हाऊ घालायचे, जातकर्मापासूनचे संस्कार पुन्हा करायचे, आणि बायकोशी नव्याने लग्न लावायचे.