इंग्लंडमध्ये ठासणीच्या रिव्हॉल्व्हरचा परवाना: पात्रता, कागदपत्रे आणि कामाचा क्रम

१९९७ च्या कायद्यांनी ग्रेट ब्रिटनमधल्या सामान्य नेमबाजाची जवळपास सगळी पिस्तुले गेली. ठासणीचे रिव्हॉल्व्हर तेवढे वाचले, ते एका व्याख्येमुळे. नळीच्या किंवा चेंबरच्या (दारू-गोळी बसते त्या पोकळीच्या) तोंडाकडून सुटी दारू आणि वेगळी गोळी भरण्यासाठी बनवलेले हत्यार बंदीतून वगळले आहे. रिव्हॉल्व्हरमध्ये आपण सिलिंडरच्या, म्हणजे चेंबर असलेल्या फिरत्या नळकांड्याच्या, पुढच्या तोंडातून भरतो, म्हणून ते या व्याख्येत बसते. पण वगळले म्हणजे मोकळे सोडले असे नाही. त्यासाठी पोलिसांचे फायरआर्म सर्टिफिकेट, म्हणजे हत्यार बाळगण्याचा परवाना, लागतेच. दीडशे वर्षांपूर्वीचे अस्सल हत्यार केवळ शोभेसाठी ठेवले तर सवलत आहे, मात्र नव्या प्रतिकृतीला ती मिळत नाही.

काय घ्यायचे ते आधी ठरवावे, कारण अर्जात प्रकार आणि कॅलिबर (नळीचे माप, इंचात) लिहायचे असते. बाजारातल्या बहुतेक प्रतिकृती इटलीतल्या, उबेर्ती किंवा पिएत्ता यांच्या. नळीवर, फ्रेमवर चाचणीचे शिक्के असतात. त्यातले ‘पीएन’ म्हणजे काळ्या दारूसाठी तपासलेले, आणि छोट्या चौकटीतला संकेत म्हणजे चाचणीचे वर्ष (१९७५ साठी ‘एए’). कोल्टच्या घडणीत सिलिंडरवर पट्टी नसते आणि नळी आडव्या पाचरीने धरलेली असते. रेमिंग्टनला वरून सलग पट्टी असते, त्यामुळे ती अधिक मजबूत. पितळी फ्रेम दिसायला छान, पण दारूच्या पूर्ण भाराने ती हळूहळू ताणली जाते. नवख्याने पोलादी फ्रेमच घ्यावी. ‘१८५१ नेव्ही, .४४’ असे लिहिलेले दिसले तर ती नवी कल्पना समजा. मूळ हत्यार .३६ चे होते.

आता क्रम. पहिला अर्ज पोलिसांकडे नाही, क्लबकडे. नेमबाजीसाठी सर्टिफिकेट हवे तर गृहखात्याने मान्यता दिलेल्या क्लबचे सभासदत्व हेच सबळ कारण धरले जाते. क्लबची मान्यता ठासणीच्या पिस्तुलांसाठी आहे का, हे विचारून घ्या. काहींची फक्त रायफलसाठी असते. पूर्ण सभासद होण्याआधी किमान तीन महिने उमेदवारी करावी लागते. त्या काळात स्वतःचे सर्टिफिकेट नसतानाही क्लबची हत्यारे क्लबमध्येच वापरता येतात.

भरणे तिथेच, समोर बसून शिकावे. आधी चेंबर रिकामे असताना निपलवर (चेंबरमागच्या पोकळ खुंटीवर) टोप्या, म्हणजे ठिणगी देणाऱ्या छोट्या स्फोटक टोप्या, फोडून तेल आणि ओल काढतात. मग घोडा अर्ध्यावर ठेवून प्रत्येक चेंबरमध्ये मोजलेली दारू: .३६ साठी साधारण १५ ते २० ग्रेन (दारू मोजायचे छोटे वजन), .४४ साठी २० ते ३०, पण उत्पादकाच्या मर्यादेच्या आत. दारू थेट फ्लास्कमधून, म्हणजे दारू साठवायच्या डब्यातून, ओतू नये. चेंबरमध्ये ठिणगी उरली असेल तर फ्लास्कच हातात पेटतो. मोजून भरलेल्या छोट्या नळ्या वापरतात. भार कमी असेल तर वर रवा घालतात, आपल्या उपम्याचाच, म्हणजे गोळी चेंबरच्या तोंडाजवळ येते. गोळी मऊ शुद्ध शिशाची, चेंबरपेक्षा किंचित मोठी: .३६ ला .३७५, .४४ ला .४५१ किंवा .४५४. दाबताना शिशाची बारीक कडी कापून निघाली तर माप बरोबर. गोळी आणि दारूमध्ये पोकळी राहता कामा नये. वर ग्रीस, आणि टोप्या अगदी शेवटी, फायरिंग लाइनवर, नळी लक्ष्याकडे ठेवून. सैल गोळी किंवा सैल टोपी असेल तर शेजारचे चेंबरही पेटते. धूररहित दारू या हत्यारात कधीही नाही; ते फुटते.

पूर्ण सभासद झाल्यावर राहत्या भागाच्या पोलिसांकडे फॉर्म २०१. सोबत फोटो, ओळख, पत्ता, क्लबचा तपशील, दोन रेफरी (तुमच्याबद्दल खात्री देणारे ओळखीचे लोक) आणि डॉक्टरांनी भरलेला वैद्यकीय तपशील. फेब्रुवारी २०२५ पासून नव्या अर्जाला १९८ पौंड शुल्क आहे, डॉक्टरांची फी वेगळी. रेफरी ब्रिटनमध्ये राहणारे, नातेवाईक नसलेले आणि किमान दोन वर्षे ओळखणारे लागतात. नुकतेच भारतातून आलेल्यांचे इथेच अडते. शिक्षेचा इतिहास लपवू नका, जुनी झालेली शिक्षाही लिहावी लागते. तीन वर्षे किंवा जास्त कैद झालेल्याला कायमची मनाई, तीन महिने ते तीन वर्षांच्या आतल्याला सुटकेपासून पाच वर्षे. नैराश्याचा उपचार घेतला म्हणून आपोआप नकार मिळत नाही. तो न सांगितल्याने मात्र अर्ज बुडू शकतो. नंतर अधिकारी घरी येतो, कुलुपाचे पोलादी कपाट बघतो, प्रश्न विचारतो.

काळ्या दारूसाठी स्फोटकांचे वेगळे सर्टिफिकेट लागते, तेही पोलिसच देतात. दोन्ही अर्ज एकत्र करावेत, नाहीतर हत्यार कपाटात आणि दारू दुकानात, अशी गत होते. दारू बंदुकीच्या पोलादी कपाटात ठेवू नये, कारण आग लागली तर बंद पोलाद बॉम्बसारखे वागते. खण पाडलेली लाकडी पेटी लागते, एका डब्यात जास्तीत जास्त ५५० ग्रॅम.

खरेदीच्या वेळी विक्रेता समोरासमोर हत्यार देऊन सर्टिफिकेटवर नोंद करतो, आणि दोघांनीही सात दिवसांत पोलिसांना कळवायचे असते. जादा सिलिंडर हाही हत्याराचा भाग, त्यासाठी वेगळी परवानगी हवी. काडतुसे वापरता यावीत म्हणून बसवायचे रूपांतर सिलिंडर मात्र परदेशातूनही मागवू नका. ते बसवले की व्याख्या मोडते, हत्यार बंदी असलेल्या पिस्तुलात जमा होते आणि किमान शिक्षा पाच वर्षांची आहे. रिव्हॉल्व्हर गावी नेऊन दाखवण्याचा मोहही टाळा. भारतात आयातीला शस्त्र अधिनियम १९५९ खाली परवाना लागतो.

सर्टिफिकेट पाच वर्षांचे असते. मुदतीच्या किमान आठ आठवडे आधी नूतनीकरणाचा अर्ज दिला, तर निर्णयाला उशीर झाला तरी जुन्याला आठ आठवड्यांपर्यंत मुदतवाढ मिळते. त्यानंतरही कागद हाती नसेल तर मुदत संपण्याआधी हत्यार नोंदणीकृत डीलरकडे ठेवायला द्यावे.