तट पडले आणि शहर उभे राहिले: फोर्टच्या वारसाफेरीमागचा इतिहास

मुंबईत फोर्टची वारसाफेरी बहुधा सकाळी निघते आणि तिचा रस्ता आता ठरून गेला आहे. हुतात्मा चौक, काळा घोडा, विद्यापीठ, उच्च न्यायालय, हॉर्निमन सर्कल, टाउन हॉल आणि शेवटी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. माहिती सांगणारा कमानी दाखवतो, रंगीत काचा दाखवतो, वास्तुकारांची नावे सांगतो. ज्या किल्ल्यावरून या भागाला फोर्ट म्हणतात, त्याचा उल्लेख मात्र एखाद्या वाक्यात उरकला जातो. मला ही मोठी उणीव वाटते. या फेरीत जे दिसते त्यातले बहुतेक सगळे तो किल्ला पाडला म्हणून उभे राहिले. आणि किल्ला बांधला गेला त्यात मराठ्यांच्या धास्तीचा वाटा मोठा होता.

पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नाच्या करारात मुंबई इंग्लंडच्या राजाकडे आली आणि १६६८ साली त्याने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. कंपनीकडे तेव्हा बंदरावरचा एक तटबंद वाडा होता, तोच पुढे बॉम्बे कॅसल. १६८९ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाने बेटावर उतरून माझगावपर्यंतचा मुलूख घेतला आणि इंग्रजांना त्या वाड्यात कोंडले. वस्तीला तट हवा, हे त्यांना तेव्हाच कळून चुकले. प्रत्यक्ष काम मात्र १७१५च्या अखेरीस चार्ल्स बून गव्हर्नर होऊन आल्यावर हाती घेतले गेले. याच बूनने कान्होजी आंग्र्यांवर विजयदुर्ग, खांदेरी आणि कुलाबा अशा मोहिमा काढल्या आणि तिन्ही वेळा हात हलवत परत आला. समुद्रावर आंग्र्यांपुढे काही चालत नव्हते. घराभोवती भिंत घालणे तेवढे त्याच्या हातात होते.

तटाला तीन दरवाजे होते: दक्षिणेला अपोलो गेट, उत्तरेला बझार गेट आणि पश्चिमेला चर्च गेट. १७१८ साली उपासनेसाठी खुल्या झालेल्या सेंट थॉमस चर्चकडे जाणारा म्हणून तो चर्च गेट. आज पश्चिम रेल्वेने येणारा प्रत्येक माणूस त्या नाहीशा झालेल्या दरवाजाचे नाव घेतो.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि मुंबईत घबराट पसरली. वसईसारखा किल्ला पडतो, तर आपला तट किती दिवस टिकणार? तटाबाहेर खंदक खणायचे ठरले. शहरातल्या व्यापाऱ्यांनी त्यासाठी तीस हजार रुपयांची वर्गणी दिली. काम चार वर्षे चालले. तीनच वर्षांनी बंगालवर मराठ्यांच्या स्वाऱ्या सुरू झाल्यावर कलकत्त्यानेही खंदक खणायला घेतला आणि त्याला सरळ ‘मराठा डिच’ असे नाव पडले. पुढे मुंबईच्या तटाबाहेरची झाडे-घरेही काढली गेली, तोफांच्या माऱ्याआड काही येऊ नये म्हणून. त्या मोकळ्या जागेचे नाव एस्प्लनेड. आज ज्यांवर पोरे क्रिकेट खेळतात ती ओव्हल, क्रॉस आणि आझाद ही मैदाने म्हणजे त्याच जागेचे राहिलेले तुकडे. दक्षिण मुंबईत एवढे आभाळ शिल्लक आहे त्याला एक कारण वसईची लढाई आहे, आणि हे फेरीत कोणी सांगत नाही याचे मला नेहमी वाईट वाटते.

कोटाच्या आत दोन शहरे होती. दक्षिणेला इंग्रज, कंपनीच्या कचेऱ्या, चर्च. उत्तरेला बझार गेटच्या बाजूला पारशी, गुजराती, बोहरी व्यापाऱ्यांची दाट वस्ती. फेब्रुवारी १८०३ मध्ये या उत्तरेकडच्या वस्तीत मोठी आग लागली आणि मोठा भाग बेचिराख झाला. त्यानंतर सरकारच लोकांना बाहेर घरे बांधा म्हणू लागले. काळबादेवी-मांडवीकडचे शहर फुगत गेले. पेशवाई १८१८ साली बुडाली आणि तटाला शत्रूच उरला नाही. रोजच्या ये-जा करणाऱ्यांना ती भिंत आता नुसती अडचण होती.

गव्हर्नर बार्टल फ्रिअरने १८६२ नंतर ती पाडायला काढली. गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३चे आहे, म्हणजे तट असलेली मुंबई मराठीत लिहून ठेवली गेली ती अगदी शेवटच्या घटकेला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि शहरात पैशाचा पूर लोटला. १८६५ साली युद्ध संपले तसा बाजार कोसळला, पेढ्या बुडाल्या. पण तटाखालून निघालेली जमीन हाताशी होती आणि आराखडे तयार होते. मैदानाकडे तोंड करून सचिवालय, विद्यापीठ, उच्च न्यायालय अशी रांग १८७०च्या दशकात उभी राहिली. पश्चिमेचा तट जिथून जात होता तिथे हॉर्नबी रोड झाला, तोच आजचा दादाभाई नौरोजी रस्ता.

या रांगेत थांबून बघावा असा राजाबाई टॉवर. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा, पैसे कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांचे, नाव त्यांच्या आईचे, आणि काम पुरे झाले १८७८ साली. २८० फूट उंची सगळे सांगतात. मान वर करून वरच्या कोनाड्यांतले पुतळे बघा: वेगवेगळ्या पगड्या आणि पेहराव ल्यालेली पश्चिम हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या जातीजमातींची माणसे. ते घडवले सहायक अभियंता रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी. स्कॉटने मुंबईत कधी पाऊल ठेवले नाही. इथली माणसे दगडात आणणारा इथलाच होता, आणि त्याचे नाव स्कॉटच्या बरोबरीने घेतले गेले पाहिजे.

फ्लोरा फाउंटन चर्च गेटच्याच जागी आहे. कारंजे मुळात राणीच्या बागेसाठी ठरले होते, ते १८६९ साली इथे बसवले गेले. त्याच्या शेजारी २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला. पुढे तिथेच मशाल धरलेल्या शेतकरी-कामगाराचे स्मारक झाले. उच्च न्यायालयातही तसेच. इमारत कर्नल फुलरची, पण मराठी माणूस तिथे जातो तो १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा सुनावली गेली ते दालन बघायला. ‘वसाहतकालीन वास्तू’ एवढ्या लेबलात हे मावत नाही.

या इमारतींना वारसा म्हणून कायद्याचे संरक्षण मिळाले ते १९९५च्या नियमावलीने. २००४ साली टर्मिनस आणि २०१८ साली ओव्हलभोवतीच्या इमारती युनेस्कोच्या यादीत गेल्या, आणि फेऱ्यांना गर्दी वाढली.

फेरीचा रस्ता मात्र अजून दक्षिणेकडेच झुकलेला आहे. तो उत्तरेला वळवायला हवा. टर्मिनससमोरून पेरिन नरिमन स्ट्रीटला लागले की आपण जुन्या बझार गेट स्ट्रीटवर असतो. तिथे १८८२चा बोमनजी होरमसजी वाडिया घड्याळ-मनोरा आहे. जवळच माणेकजी शेठ अग्यारी आहे. तिची स्थापना १७३३ची, म्हणजे खंदकाच्याही आधीची. सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात, याच तटबंदीला पुढे जोडलेल्या फोर्ट जॉर्जच्या भिंतीचा तुकडा अजून उभा आहे. बॉम्बे कॅसलच्या उरलेल्या तटाच्या आत मात्र जाता येत नाही. तिथे नौदलाचा तळ आहे, आणि त्याचे नाव आय.एन.एस. आंग्रे.