दक्षिण–दक्षिण आरोग्य सहकार्य आणि गोवा

दक्षिण–दक्षिण आरोग्य सहकार्य : आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिका या खंडांतील विकसनशील देशांनी डॉक्टर, औषधे, लसी, प्रशिक्षण आणि उपचारपद्धती यांची आपापसांत केलेली देवाणघेवाण. श्रीमंत देशांकडून येणाऱ्या मदतीहून ती वेगळी मानली जाते, कारण रुग्ण भरपूर, पैसा अपुरा आणि तज्ज्ञ मोजके ही अडचण इथे देणाऱ्यालाही ठाऊक असते. गोव्याचा उल्लेख या संदर्भात बहुधा बाणावलीच्या ब्रिक्स (ब्राझील, रशिया, भारत, चीन आणि दक्षिण आफ्रिका यांचा गट) परिषदेपुरता होतो. प्रत्यक्षात वेर्णा औद्योगिक वसाहतीतली औषधे आणि गोव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत पारखली गेलेली मानसोपचाराची एक पद्धत यांचे मोल त्याहून कितीतरी मोठे आहे.

या सहकार्याची राजकीय पायाभरणी १९५५ मध्ये इंडोनेशियातील बांडुंग येथे झाली. आशिया आणि आफ्रिकेतील २९ देश तिथे जमले होते. आरोग्याच्या क्षेत्रात त्याला आकार आला तो अल्जीरियात. १९६२ साली अल्जीरिया स्वतंत्र झाल्यावर बहुतेक फ्रेंच डॉक्टर देश सोडून गेले आणि पुढच्याच वर्षी चीन आणि क्यूबा या दोन्ही देशांनी आपली वैद्यकीय पथके तिथे पाठवली. त्या वेळी खुद्द क्यूबातले जवळजवळ निम्मे डॉक्टर क्रांतीनंतर परदेशी गेलेले होते. आपल्याकडेच तुटवडा असताना दुसऱ्याला माणसे देण्याचा हा निर्णय पुढे क्यूबाच्या परराष्ट्र धोरणाचा कणा झाला. १९९९ मध्ये हवानात परदेशी विद्यार्थ्यांसाठी लॅटिन अमेरिकी वैद्यकीय विद्यालय सुरू झाले. २०१४ मध्ये इबोलाच्या साथीत पश्चिम आफ्रिकेत अडीचशेहून अधिक क्यूबन डॉक्टर आणि परिचारक काम करत होते. या पथकांच्या वेतनाचा मोठा भाग सरकार कापून घेते, ही टीकाही तितकीच जुनी आणि रास्त आहे. सेवा कितीही मोलाची असली तरी ती करणाऱ्याच्या हक्काचा प्रश्न त्यामुळे मिटत नाही.

१९७८ च्या सप्टेंबरात दोन परिषदा एकाच दिवशी, १२ तारखेला, संपल्या. तेव्हाच्या सोव्हिएत संघातील अल्मा-आटा येथे प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा मान्य झाला आणि ब्वेनोस आइरेस येथे विकसनशील देशांच्या तांत्रिक सहकार्याचा आराखडा ठरला. संयुक्त राष्ट्रसंघ आता १२ सप्टेंबर हा दक्षिण–दक्षिण सहकार्याचा दिवस पाळतो.

गोव्याचा आफ्रिकेशी वैद्यकीय संबंध याच्या बराच आधीचा, पण वेगळ्या जातीचा. पणजीत १८४२ साली स्थापन झालेल्या वैद्यकीय विद्यालयातून बाहेर पडलेले अनेक गोमंतकीय डॉक्टर मोझांबिक, अंगोला अशा पोर्तुगीज वसाहतींच्या आरोग्यसेवेत गेले. या विद्यालयाचा वारसा आज गोमेकॉ, म्हणजे बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय, सांगते. पोर्तुगालमध्ये शिकलेल्या डॉक्टरांपेक्षा या पदवीधरांचा दर्जा खालचा धरला जाई. त्यांनी तिथे मनापासून काम केले असेल, परंतु ती साम्राज्याची चाकरी होती. तिला एकजुटीचे नाव देणे इतिहासाला धरून होणार नाही.

खऱ्या अर्थाने एकजूट दिसते ती १९६१ च्या एप्रिलमध्ये. पोर्तुगीज वसाहतींतील राष्ट्रवादी संघटनांची परिषद कासाब्लांकात भरली, तेव्हा अंगोला, मोझांबिक आणि गिनी-बिसाऊच्या लोकांबरोबर गोव्याचे प्रतिनिधीही होते. त्याच वर्षी १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. आफ्रिकेतल्या साथीदारांना आणखी चौदा वर्षे झुंजावे लागले. बार्देशात जन्मलेले आकीनु द ब्रागांसा त्या लढ्यात अखेरपर्यंत राहिले. मोझांबिकचे पहिले राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल यांचे ते सल्लागार होते आणि १९८६ मध्ये माशेल यांच्याबरोबरच विमान अपघातात त्यांचा अंत झाला. गोव्याच्या मुक्तिसंग्रामाबद्दल बोलताना ही बाजू बहुधा सुटून जाते.

औषधांच्या बाबतीत भारताला जे स्थान मिळाले, त्याचे मूळ १९७० च्या पेटंट कायद्यात आहे. या कायद्याने औषधाच्या रेणूवर पेटंट न देता फक्त ते बनवण्याच्या प्रक्रियेवर दिले. त्यामुळे दुसऱ्या प्रक्रियेने तेच औषध बनवायला भारतीय कंपन्या मोकळ्या झाल्या. एचआयव्हीच्या उपचारात याचा अर्थ काय झाला, हे नीट पाहण्यासारखे आहे. स्टॅव्हुडिन, लॅमिव्हुडिन आणि नेव्हिरापिन ही तीन औषधे एकत्र घ्यावी लागत. पण पाश्चात्त्य देशांत त्यांची पेटंटे तीन वेगवेगळ्या कंपन्यांकडे असल्याने तिन्ही मिळून एक गोळी कुणी काढत नव्हते. भारतात तशी आडकाठी नव्हती. सकाळी एक, संध्याकाळी एक, एवढ्यावर उपचार आला. जिथे घड्याळ बघून मूठभर गोळ्या घेणे रुग्णाला शक्य नव्हते, तिथे हा बदल किमतीइतकाच निर्णायक ठरला. किंमत तर कोसळलीच. श्रीमंत देशांत एका रुग्णाचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या पुढे होता, तेव्हा फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्ला या भारतीय औषध कंपनीचे युसुफ हमीद यांनी ‘सीमापार डॉक्टर’ या संस्थेला हेच उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केले. त्याच एप्रिलमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या औषध कायद्याविरुद्ध न्यायालयात गेलेल्या ३९ कंपन्यांनी, तिथल्या रुग्णांच्या चळवळीपुढे माघार घेत, आपला दावा सोडला. ब्राझीलने २००७ मध्ये एफाविरेन्झ या एचआयव्हीवरील औषधासाठी सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीविना ते बनवण्याची वा आणण्याची सरकारी मुभा, काढला, तेव्हा स्वतःचे उत्पादन सुरू होईपर्यंत ते औषध भारतातूनच नेले.

सिप्ला, ल्युपिन, इंडोको यांचे कारखाने वेर्ण्याला आहेत, ग्लेनमार्कचा कोलवाळला, युनिकेमचा पिळर्णला. मडगाव–पणजी रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्याला वेर्णा पठारावरच्या बसगाड्या आणि पाळ्यांना जाणारी मुले-मुली दिसतात. तिथे तयार होणाऱ्या गोळ्यांच्या पट्ट्यांपैकी कितीतरी इथल्या फार्मसीत कधीच येत नाहीत, हे मात्र फारसे कुणाच्या ध्यानी येत नाही.

स्वस्त औषध देणे म्हणजे जबाबदारी संपली असे होत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतात बनलेल्या चार खोकल्याच्या औषधांबद्दल इशारा दिला. गांबियात मूत्रपिंडे निकामी होऊन गेलेल्या ६६ मुलांच्या मृत्यूंशी त्यांचा संबंध असू शकतो, असे तिने म्हटले. ते उत्पादन गोव्यातले नव्हते. पण निर्यातीच्या मालाची तपासणी कोण करतो, हा प्रश्न औषधे बनवणाऱ्या प्रत्येक राज्याला लागू आहे. ज्या देशाकडे स्वतःची सुसज्ज औषध-प्रयोगशाळा नाही, तो देश आपल्या शिक्क्यावर विश्वास ठेवून बाटली उघडतो. हा विश्वास मोडला तर परिषदांतल्या घोषणांना काही किंमत उरत नाही.

कोविडकाळात दुसरी उणीव उघडी पडली. २ ऑक्टोबर २०२० रोजी भारत आणि दक्षिण आफ्रिकेने लसी आणि औषधांवरील बौद्धिक संपदेचे नियम तात्पुरते शिथिल करण्याचा प्रस्ताव जागतिक व्यापार संघटनेपुढे ठेवला. जानेवारी २०२१ मध्ये भारताने भूतान आणि मालदीवपासून लसी पाठवायला सुरुवात केली. त्यानंतर देशात दुसरी लाट उसळली, निर्यात आखडली आणि पुण्याच्या सीरम संस्थेवर भिस्त ठेवून बसलेल्या आफ्रिकी देशांची लसीकरण मोहीम रखडली. त्या एप्रिल–मे महिन्यांत गोव्यातही ऑक्सिजनअभावी हाहाकार होता, त्यामुळे निर्यात थांबवण्यामागची अगतिकता इथल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. तरीही एका खंडाने दुसऱ्या खंडातल्या एकाच कारखान्यावर विसंबावे, ही व्यवस्थाच चुकीची होती. ब्राझीलने मोझांबिकला औषधांच्या खेपा पाठवण्याबरोबर तिथे औषधांचा कारखाना उभारायला हात दिला. २००३ मध्ये ठरलेली ही गोष्ट २०१२ मध्ये प्रत्यक्षात आली. वेळ फार लागला. पण दिशा तीच योग्य.

गोव्यात झालेल्या बैठकांबद्दल थोडक्यात : १५ आणि १६ ऑक्टोबर २०१६ रोजी बाणावलीत ब्रिक्सची आठवी शिखर परिषद झाली आणि ‘गोवा जाहीरनामा’ निघाला. एप्रिल २०२३ मध्ये जी-२० च्या आरोग्य कार्यगटाची दुसरी बैठक गोव्यात भरली.

मानसिक आरोग्याच्या कामाला मात्र सविस्तर जागा द्यायला हवी. त्याची सुरुवात गोव्यात नसून झिंबाब्वेत आहे. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात हरारेत संशोधन करत होते. तिथले लोक उदासीला ‘कुफुंगिसिसा’, म्हणजे अतिविचार, असे म्हणत आणि मदतीसाठी दवाखान्याइतकेच पारंपरिक वैद्यांकडेही जात. तिथल्या शोना भाषेतून, लोकांच्याच तक्रारींवरून, असे रुग्ण ओळखण्यासाठी एक प्रश्नावली तयार झाली. पटेल गोव्यात आले आणि १९९६ मध्ये ‘संगाथ’ ही संस्था स्थापन झाली. तिचे मुख्य काम पर्वरीतून चालते.

तज्ज्ञ थोडे असतील तर गावातल्याच साध्या माणसांना शिकवून समुपदेशक करावे, हा संगाथचा मार्ग. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मानस’ चाचणीत गोव्यातल्या २४ केंद्रांचा, म्हणजे निम्मी सरकारी केंद्रे आणि निम्मे खासगी दवाखाने यांचा, समावेश होता. फायदा ठळक दिसला तो सरकारी केंद्रांत. पुढच्या चाचणीत सहा ते आठ भेटींची उपचारपद्धती वापरली. आरोग्य केंद्रात येणारी बाई डिप्रेशन आहे असे सांगत नाही. अंग दुखते, झोप नाही, जेवण जात नाही, टेन्शन आहे, असे ती म्हणते. समुपदेशक तिच्याशी कोंकणीत किंवा मराठीत बोलते, बंद पडलेल्या गोष्टी विचारते आणि एखादी छोटी गोष्ट ठरवून देते : बाजारात जाणे, बहिणीला भेटणे. पुढच्या भेटीत त्यावरूनच बोलणे सुरू होते. समुपदेशकांच्या बैठकांत सत्रांचे ध्वनिमुद्रण ऐकून एकमेकांच्या कामाला गुण दिले जात. तीन महिन्यांनी या उपचारातले ६४ टक्के रुग्ण बरे झालेले आढळले. नेहमीचीच सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते.

हीच वाट हरारेतही रुंद होत होती. तिथे मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांदा यांनी २००६ पासून आरोग्य केंद्रांबाहेरच्या बाकांवर आज्यांना समुपदेशक म्हणून बसवले. रुग्ण ओळखण्यासाठी त्या आज्या शोना प्रश्नावलीच वापरतात.

गोव्याने पाकिस्तानकडूनही घेतले. बाळंतपणाच्या आगेमागे येणाऱ्या नैराश्यावर रावळपिंडीच्या ग्रामीण भागात एक उपचारपद्धती विकसित झाली होती. ती गावातल्याच मुलेबाळे असलेल्या बायकांच्या हाती देऊन गोवा आणि रावळपिंडी अशा दोन्ही ठिकाणी एकाच आराखड्यावर पारखली गेली. तिकडे या बायकांना ‘रझाकार’, म्हणजे स्वयंसेविका, म्हणत, इकडे ‘सखी’. दोन्ही सरकारांत बोलणे जवळजवळ बंद असलेल्या वर्षांतही हे काम चालू राहिले आणि २०१९ मध्ये दोन्ही चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. परिणाम माफक होता, गोव्यात जरा अधिक स्पष्ट. तिकडच्या बायका विनामोबदला काम करत होत्या. अशा कामाचा मोबदला कुणी आणि किती द्यावा, हा प्रश्न दोन्हीकडे अजून सुटायचा आहे.