कन्व्हर्जन किट आणि डिटेल सेट: फरक कसा ओळखायचा?

१/३५ स्केलची, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाची रणगाड्यांची मॉडेल बांधणाऱ्याच्या हाती कधी ना कधी एक छोटी पिशवी येते. आत रेझिनचे काही ओतीव भाग, फोटो-एचची (रसायनाने कोरलेली) पातळ पितळी पट्टी, लेथवर कातलेली तोफेची नळी आणि सूचनांचा घडी घातलेला कागद. पिशवीवर ‘कन्व्हर्जन’ लिहिलेले असो की ‘डिटेल सेट’, माल सारखाच दिसतो, म्हणून नवीन माणूस दोन्हींना एकाच मापाने मोजतो. मी पिशवी हातात घेतली की एवढेच विचारतो: हे भाग लावल्यावर मूळ किटाच्या खोक्यावर छापलेला रणगाडाच राहणार, की दुसरा तयार होणार?

तोच राहणार असेल तर तो डिटेल सेट, दुसरा होणार असेल तर कन्व्हर्जन. प्लास्टिकचा मडगार्ड १ मिमी जाड निघाला, तर त्या प्रमाणात खऱ्या गाडीवर तो ३५ मिमी जाडीचा पत्रा ठरतो, म्हणजे चिलखतच. फोटो-एचचा पत्रा ही जाडी कमी करतो, इंजिनावरची जाळी खरी जाळी वाटते. डिटेल सेट अर्धाच वापरला तरी मॉडेल चुकीचे ठरत नाही.

कन्व्हर्जनमध्ये अशी सवलत नाही. अर्धे कन्व्हर्जन म्हणजे कधीच अस्तित्वात नसलेली गाडी.

१९७१चे युद्ध घ्या. पाकिस्तानकडे टाइप ५९ होते, म्हणजे सोव्हिएत टी-५४एची चिनी आवृत्ती. लोंगेवालावर चालून आले ते हेच. आपल्याकडे टी-५५. दोघे एकाच घराण्यातले: घुमटासारखा टरेट (तोफेचा फिरता बुरूज), १०० मिमी तोफ, प्रत्येक बाजूला पाच मोठी चाके आणि पहिल्या-दुसऱ्या चाकांमधली ती ठळक फट. धुळीत, लांबून आपला कोण आणि परका कोण हे कळणे कठीण. म्हणून भारतीय टी-५५च्या नळीच्या मध्यावर एक खोटे नळकांडे बसवले गेले. गोळा सुटल्यावर धूर टरेटमध्ये शिरू नये म्हणून या तोफेला खरे फ्यूम एक्स्ट्रॅक्टर असते, पण ते नळीच्या टोकाशी. मधले फक्त ओळखीसाठी. विजयंता या दुसऱ्या भारतीय रणगाड्याच्या १०५ मिमी तोफेवर मात्र ते खरोखरच नळीच्या मधल्या भागात असते. अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये विजयंता जवळून पाहता येतो, तिथे गेलात तर नळीकडे नक्की बघा.

आता हिशोब लावा. टी-५५च्या चांगल्या किटवर शंभर बारीक पितळी तुकडे चिकटवले, तरी तो कुठल्याही देशाचा टी-५५च राहतो. प्लास्टिकच्या ट्यूबचा एक तुकडा नळीच्या मध्यावर चढवला, रंग आणि खुणा बरोबर दिल्या, की तो १९७१चा भारतीय रणगाडा होतो. तुकडा एकच, पण काम कन्व्हर्जनचे. उलट याच किटातून टाइप ५९ करायचा तर टरेटच्या छतावर, उजवीकडे, हवा खेळवणाऱ्या पंख्याची घुमटी बसवावी लागते. टी-५४वर ती होती, टी-५५वर काढून टाकली. ती विसरलात तर जाणकाराची नजर सगळ्यात आधी तिथेच जाते.

कन्व्हर्जनचे खरे दुखणे मूळ किटाच्या निवडीत असते. शर्मन फायरफ्लायचे उदाहरण मला फार बोलके वाटते. ब्रिटिशांनी शर्मन या अमेरिकन रणगाड्यामध्ये लांब नळीची १७ पाउंडर तोफ बसवली. वायरलेससाठी टरेटच्या मागे चिलखती पेटी जोडली, लोडरसाठी (तोफेत गोळा भरणाऱ्यासाठी) छतात नवे झाकण कापले, पुढच्या मशीनगनची जागा पत्र्याने बंद करून आत तोफगोळे ठेवले. कन्व्हर्जन किटात साधारण हेच भाग येतात. ते बघून वाटते, घरात पडलेल्या कुठल्याही शर्मनवर चालेल. पण फायरफ्लायचा व्हीसी हा प्रकार शर्मनच्या एम४ए४ या आवृत्तीवर बांधलेला. त्या गाडीत क्रायस्लरचे पाच इंजिने एकत्र जोडलेले अवाढव्य यंत्र मावावे म्हणून धड ११ इंचांनी लांबवले होते. १/३५मध्ये हे जवळजवळ ८ मिमी होतात. चाकांच्या जोड्याही लांब-लांब, आणि पट्ट्याला एका बाजूस ७९ऐवजी ८३ कड्या. एम४ए३ या दुसऱ्या शर्मनच्या धडावर तो सुंदर टरेट ठेवला तर चूक चाकांतच दिसते, आणि ती कुठल्याही रंगाने झाकत नाही. सूचनांच्या कागदावर कोणते मूळ किट धरले आहे ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नका, असे मी आग्रहाने सांगतो.

दोन्ही एकत्र वापरणार असाल तर आधी कन्व्हर्जन घ्या, डिटेल सेट नंतर. डिटेल सेटही ठरावीक किटाच्या मापानेच कापलेला असतो. कन्व्हर्जनने टरेटच बदलला तर जुन्या टरेटसाठी घेतलेले पितळ वाया जाते.

हातकामातला फरक थोडक्यात. प्लास्टिकचा सिमेंट पॉलिस्टायरीन विरघळवून जोडतो, रेझिनवर किंवा धातूवर त्याचा उपयोग नाही. तिथे सुपरग्लू किंवा इपॉक्सी. रेझिनचे भाग आधी भांड्यांच्या साबणाने धुवा, नाहीतर साच्याचे तेलकटपण रंग धरू देत नाही. करवत चालवताना मास्क लावा आणि घासकाम पाण्यातच करा, कारण ती धूळ फुप्फुसांना घातक आहे. किटाचा भाग कापायचा असेल तर नवा भाग शेजारी ठेवून मोजा: ओतलेले रेझिन थोडे आकसते, त्यामुळे कागदावरच्या रेषेपेक्षा किंचित बाहेरून कापून मग घासत आत आलेले बरे.