टीडीएस कमी म्हणजे पाणी निर्धोक, हा समज चुकीचा आहे

घातक कचऱ्याच्या साठ्याजवळच्या विहिरीचे पाणी नितळ असेल आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या घन पदार्थांचे एकूण प्रमाण) दाखवणाऱ्या मीटरवर आकडा कमी येत असेल, तर ते पिण्यास सुरक्षित आहे, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. हे मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजून त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देते. बेन्झीन किंवा ट्रायक्लोरोएथिलीन यांसारखी द्रावके वीज वाहून नेत नसल्यामुळे ती त्याला मुळी दिसतच नाहीत. आर्सेनिकसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम, म्हणजे 0.01 मिलिग्रॅम आहे, आणि घरगुती मीटर मिलिग्रॅमच्या पूर्णांकांत बोलते, त्यामुळे इतके कमी प्रमाण त्यावर उमटतच नाही. पाणी उकळल्याने आर्सेनिक जात नाही, उलट वाफ निघून गेल्यावर त्याचे प्रमाण किंचित वाढते.

खरी तपासणी प्रयोगशाळेतच होते, मात्र नमुना काळजीपूर्वक घ्यावा लागतो. निरीक्षण विहिरीत, म्हणजे भूजल तपासण्यासाठी खोदलेल्या विहिरीत, साचलेले पाणी आधी उपसून टाकावे लागते, आणि बाष्पनशील, म्हणजे सहज वाफ होऊन उडणाऱ्या, रसायनांसाठीची कुपी हवेचा एकही बुडबुडा न राहता भरावी लागते, अन्यथा ती रसायने त्या हवेत निसटतात आणि अहवाल फसवा येतो. ट्रायक्लोरोएथिलीन पाण्याहून जड असल्याने खाली उतरते. म्हणून वेगवेगळ्या खोलींवरचे नमुने मागण्याचा आग्रह रहिवाशांनी अवश्य धरावा.