टर्बोप्रॉप एंजिनातील इंधन नियंत्रक

टर्बोप्रॉप (टरबाइनच्या जोरावर प्रोपेलर फिरवणाऱ्या) एंजिनाच्या ज्वलनकक्षात दर क्षणी किती इंधन जावे हे ठरवणारे उपकरण. वैमानिक आणि तंत्रज्ञ त्याला 'एफसीयू' (फ्युएल कंट्रोल युनिट) म्हणतात. वैमानिकाने लिव्हर पुढे सारणे ही मागणी झाली. त्या क्षणी संपीडकातून (हवा दाबणाऱ्या भागातून) येणाऱ्या हवेत एंजिनाला किती इंधन पेलेल, हा हिशेब नियंत्रकाचा. संपीडकाला वेग घ्यायला वेळ लागतो. तेवढ्यात इंधन बेसुमार वाढले तर संपीडकातील प्रवाह उलटतो (सर्ज) आणि टरबाइनची पाती वाजवीपेक्षा तापतात. लिव्हर झटकन मागे घेतल्यावर इंधन फार तुटले, तर ज्योतच विझते. उंचीवर हवा विरळ होते, तशा या दोन्ही मर्यादा खाली सरकतात.

इंधन नियंत्रकात वापरल्या जाणाऱ्या, वेग राखणाऱ्या फिरत्या वजनांच्या गव्हर्नरचे श्रेय सामान्यतः जेम्स वॉट यांना दिले जाते (सुमारे १७८८). मात्र पवनचक्क्यांत जात्याच्या दगडांमधील अंतर राखण्यासाठी तशीच योजना त्याआधीपासून वापरात होती. त्यामुळे वॉट यांनी ती वाफेच्या एंजिनाला लावली, एवढेच म्हणणे अधिक योग्य. अशा गव्हर्नरच्या स्थैर्याचे गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६८ मध्ये मांडले. पहिले टर्बोप्रॉप कोणते याविषयीही दोन उत्तरे मिळतात: १९४० मध्ये चाचणीबाकावर चाललेले हंगेरीतील येंद्राशिक सीएस-१, आणि २० सप्टेंबर १९४५ रोजी ग्लॉस्टर मीटिओर विमानावर उडालेले रोल्स-रॉइस ट्रेंट. इंधन नियंत्रकाच्या दृष्टीने उड्डाण हीच कसोटी धरावी; बदलत्या उंचीचा प्रश्न बाकावर उभाच राहत नाही.

इंधन मोजण्याचे तत्त्व बहुतेक प्रकारांत एकच आहे. एंजिनावर चालणारा पंप गरजेपेक्षा नेहमी जास्त इंधन देतो. मोजणी झडपेच्या दोन बाजूंमधील दाबफरक दुसरी एक झडप स्थिर राखते आणि जादा इंधन पंपाच्या तोंडाशी परत पाठवते. दाबफरक स्थिर असल्याने प्रवाह केवळ मोजणी झडपेच्या उघडीवर अवलंबून राहतो. ही उघडी कशी ठरवायची, येथे मात्र रचना वेगळ्या होतात.

प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाच्या पीटी६ए एंजिनांवरील बेंडिक्स नियंत्रक हे काम हवेच्या दाबावर करतो. संपीडकाच्या शेवटच्या टप्प्यातील हवा (पी-थ्री) बारीक नळीने नियंत्रकात येते. बारीक छिद्रांतून जाताना तिचे पीएक्स आणि पीवाय असे दोन दाब तयार होतात व ते धातूच्या भात्यांवर काम करतात. एक भाता निर्वात असल्याने मोजमाप निरपेक्ष दाबाशी जोडलेले राहते. लिव्हर पुढे सारला की फिरत्या वजनांवरील स्प्रिंग दाबली जाते, पीवाय हवेची गळवाट बंद होते, तो दाब वाढतो आणि मोजणी झडप उघडते. वेग वाढला की पी-थ्री वाढतो, त्यामुळे पीवाय आणखी चढतो, इंधनही वाढते. म्हणजे एंजिन जेवढी हवा दाबू शकते, त्याच बेताने त्याला इंधन मिळते; एका तारेचाही आधार न घेता साधलेला हा तोल खरोखर कौतुकाचा आहे. ठरलेला वेग आला की वजने स्प्रिंगला मागे लोटतात आणि गळवाट किलकिली होते. या एंजिनात वायुजनित्राचा (संपीडक आणि त्याला फिरवणारे टरबाइन यांचा) १०० टक्के वेग मिनिटाला ३७,४६८ फेरे धरतात. प्रोपेलरच्या टरबाइनचा दंड वेगळा असतो. प्रोपेलरने ठरलेला वेग साधारण ६ टक्क्यांनी ओलांडला, तर त्याचा गव्हर्नरही हीच पीवाय हवा सोडून इंधन कमी करतो.

या रचनेचे मर्मस्थान म्हणजे पी-थ्रीची नळी. ती गळली किंवा तिच्यातील ओलावा गोठला, तर हवा कमी झाली असे समजून नियंत्रक इंधन किमान पातळीवर आणतो. एंजिन विझत नाही, पण शक्तीही देत नाही (रोलबॅक). म्हणून अनेक एकएंजिनी विमानांत मोजणी झडप हाताने हलवणारा आणीबाणीचा लिव्हर असतो. तो अगदी सावकाश सारावा लागतो, कारण वेग वाढतानाचे संरक्षण त्या वेळी उरलेले नसते.

ॲलिसन टी५६ हे एकदंडी (संपीडक, टरबाइन व प्रोपेलर एकाच दंडाला जोडलेले) एंजिन मिनिटाला १३,८२० फेऱ्यांवर स्थिर ठेवले जाते. इंधन वाढले की पीळ (टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर) वाढतो आणि प्रोपेलरची पाती कोन बदलून वेग राखतात. येथील नियंत्रक गरजेच्या सुमारे १२० टक्के इंधन मोजतो. तापमापकांच्या संकेतानुसार टीडी (टेंपरेचर डेटम) झडप त्यातील काही भाग परत पाठवते. मध्यस्थितीत हा भाग २० टक्क्यांचा. विद्युत् संकेत बंद पडले तरी झडप याच मध्यस्थितीत राहते आणि एंजिन चालत राहते. गॅरेट टीपीई३३१ हेही एकदंडी असून त्यात जमिनीवरील व उड्डाणातील वेगाची जबाबदारी वेगवेगळ्या गव्हर्नरांकडे असते.

पीडब्ल्यू१५०ए, टीपी४०० अशा नंतरच्या एंजिनांत हिशेब संगणक करतो (फॅडेक, म्हणजे पूर्ण अधिकाराचे डिजिटल एंजिन-नियंत्रण), मोजणी झडप मात्र आहेच. ९ मे २०१५ रोजी स्पेनमधील सेव्हिलजवळ टीपी४०० एंजिनांचे एअरबस ए४००एम विमान कोसळून सहांपैकी चौघांचा मृत्यू झाला. सॉफ्टवेअर बसवताना तीन एंजिनांच्या पीळमापनाचे अंशांकन पुसले गेले होते. वाचनांचा अर्थ लावता न आल्याने ती तिन्ही एंजिने वैमानिकांच्या लिव्हरला जुमानेनाशी झाली होती.