इस्वातिनी : पक्षांवर बंदी आहे की नाही?

इस्वातिनी (2018 पर्यंतचे स्वाझीलँड) हा दक्षिण आफ्रिकेशेजारचा राजेशाही देश. राजकीय सुधारणांसाठी त्याच्यावर येणाऱ्या बाहेरच्या दबावाची चर्चा हल्ली 2021 मध्ये आंदोलकांवर झालेल्या गोळीबारापासून सुरू होते. भांडणाचे मूळ मात्र 12 एप्रिल 1973 च्या राजघोषणेत आहे. स्वातंत्र्याच्या वेळची राज्यघटना राजाने त्या दिवशी रद्द केली, संसद बरखास्त केली आणि राजकीय पक्ष बेकायदा ठरवले. निमित्त आकड्यांत पाहिले तर किरकोळ होते. 1972 च्या निवडणुकीत विरोधकांना 24 पैकी 3 जागा मिळाल्या. त्यातल्या एका सदस्याला परदेशी ठरवून हद्दपार करण्यासाठी कायदा बदलण्यात आला, आणि ती दुरुस्ती अपील न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली.

पक्षांच्या जागी 1978 मध्ये ‘तिन्कुंडला’ पद्धत आली. इन्कुंडला म्हणजे अनेक गावप्रमुखांचे टापू मिळून होणारा मतदारसंघ. तिन्कुंडला हे त्याचे अनेकवचन. सुरुवातीला लोक फक्त निर्वाचक मंडळ निवडत, तेही उघडपणे. थेट आणि गुप्त मतदान 1993 पासूनचे. आजही उमेदवाराचे नाव प्रमुखाच्या टापूत हात वर करून सुचवले जाते, तिथे पहिली फेरी होते आणि तिचे विजेते इन्कुंडलात एकमेकांसमोर उभे राहतात. पक्षाचे चिन्ह कुठेच नाही. कनिष्ठ सभागृहात 10 जण राजा नेमतो. 30 जणांच्या वरिष्ठ सभागृहात 20 राजाचे. पंतप्रधानही तोच नेमतो.

खरी गुंतागुंत 2005 च्या राज्यघटनेने केली. तिचे कलम 25 संघटना स्थापण्याचे स्वातंत्र्य देते. कलम 79 मात्र सांगते की शासनपद्धती तिन्कुंडलावर आधारलेली असेल आणि निवडीचा निकष ‘वैयक्तिक गुणवत्ता’ असेल. म्हणजे पक्ष काढता येतो, पण पक्ष म्हणून निवडणूक लढवता येत नाही. सरकार परदेशी पाहुण्यांना कलम 25 दाखवते, विरोधक कलम 79 वर बोट ठेवतात, आणि दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने कलम 79 चे पारडे जड ठरवले. त्याआधीच, 2008 मध्ये, दहशतवादविरोधी कायदा करून प्रमुख विरोधी पक्षाला बंदी घातलेल्या संघटनांच्या यादीत टाकले होते. त्यामुळे ‘पक्षांवर बंदी आहे का’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही, आणि सरकारला ही संदिग्धता चांगलीच सोयीची ठरली.

बाहेरच्या दबावाने सगळ्यात जास्त पकड घेतली ती कपड्यांच्या व्यापारातून. आफ्रिकी देशांना व्यापार सवलत देणाऱ्या ‘अगोआ’ या अमेरिकी कायद्याखाली इथल्या कारखान्यांत शिवलेले कपडे अमेरिकेत शुल्काशिवाय जात, कापड तिसऱ्या देशाचे असले तरी. सवलत नसेल तर कृत्रिम धाग्याच्या काही कपड्यांवर 32 टक्क्यांपर्यंत शुल्क बसते. एवढ्यावर ऑर्डर टिकत नाही. पात्रता दरवर्षी तपासली जाते. ती 2014 मध्ये काढून घेण्यात आली आणि 1 जानेवारी 2015 पासून सवलत थांबली. परत मिळवायला पाच अटी होत्या : कामगार महासंघांची नोंदणी, आंदोलनांबद्दल कामगार पुढाऱ्यांवर येणारे दायित्व, दहशतवादविरोधी कायदा, सार्वजनिक सुव्यवस्थेचा कायदा आणि मोर्चांवेळी पोलिसांनी कसे वागावे याची संहिता. टप्प्याटप्प्याने बदल झाले आणि 2018 च्या सुरुवातीला सवलत परत मिळाली. मधल्या काळात नोकऱ्या गेल्या त्या शिवणकाम करणाऱ्या बायकांच्या. पाचही अटींत पक्षांचा किंवा कलम 79 चा उल्लेख नव्हता, हे विसरून चालणार नाही. जे मागितले गेले, तेवढेच मिळाले.

पैशाचा दुसरा प्रयोग 2011 चा. शेजारी देशांसोबतच्या सीमाशुल्क संघातून येणारा महसूल कोसळला आणि पगार द्यायची पंचाईत झाली, तेव्हा दक्षिण आफ्रिकेने 240 कोटी रँडचे कर्ज देऊ केले. सोबत आर्थिक शिस्तीच्या आणि सुधारणांच्या अटी होत्या. कर्ज उचललेच गेले नाही. पुढच्या वर्षी सीमाशुल्काचा वाटा वाढला आणि निकड संपली. ज्या शेजाऱ्याच्या रँडशी इथले चलन एकास एक बांधलेले आहे, त्याच्याही हाती याहून जास्त काही लागले नाही.

2021 मध्ये तरुणांनी पद्धतीचेच दार ठोठावले. आपापल्या इन्कुंडलात जाऊन त्यांनी खासदारांना निवेदने दिली : पंतप्रधान आम्ही निवडू. 24 जूनला सरकारने निवेदने नेऊन देण्यावर बंदी घातली, ती ईमेलने पाठवा म्हणून सांगितले, आणि पाच दिवसांत इंटरनेटही बंद केले. आंदोलन चिघळले, गोळीबार झाला. देशाच्याच मानवी हक्क आयोगाने प्राथमिक अहवालात किमान 46 मृत्यू मोजले. दक्षिणेकडच्या आफ्रिकी देशांच्या प्रादेशिक संघटनेचे प्रतिनिधी आले. नोव्हेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या अध्यक्षांशी झालेल्या भेटीत राजाने राष्ट्रीय संवादाला होकार दिला. पण संवाद कुठे व्हावा यावरच घोडे अडले. सरकारला तो ‘सिबाया’त, म्हणजे राजाच्या गोठ्यातल्या पारंपरिक सभेत हवा होता; विरोधकांना तटस्थ मध्यस्थासमोर. सप्टेंबर 2023 ची निवडणूक जुन्याच पद्धतीने झाली आणि पुढच्या महिन्यात सिबाया भरली. पंतप्रधान निवडून द्यावा अशी मागणी करणाऱ्या दोन खासदारांना जुलै 2024 मध्ये 25 आणि 18 वर्षांची शिक्षा झाली, ज्या दहशतवादविरोधी कायद्यात ‘अगोआ’साठी दुरुस्ती केली होती, त्याच कायद्याखालच्या खटल्यात.